तात्यांचं दुर्गम गाव

किसनतात्यांनी पहिल्या भेटीत माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मी सरकारी दवाखान्यासमोर रिक्षातून उतरले तेव्हा ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. पांढरा लेंगा, खाकी शर्ट, डोक्याला रुमाल. ते उठून सरळ रिक्षाच्या मागे गेले, माझी बॅग एका हाताने उचलून तिचं वजन पाहिलं आणि दारातल्या शिपायाला म्हणाले, "एक ब्याग, एक बादली. गादी न्हाय, शेगडी न्हाय. दिवाळीपतोर." मग माझ्याकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "जय भीम, मॅडम. या, पानी घ्या."

तो जून महिना होता. मी बारामतीहून निघताना घरी सांगून आले होते की दिवाळीपर्यंत काढते कसंतरी, मग बघू. हे मी आईखेरीज कुणालाही बोलले नव्हते. त्यामुळे पाणी पिताना मला तात्यांचा भयंकर राग आला होता.

तात्या एसटीचे निवृत्त कंडक्टर. बारामती-इंदापूर रस्त्यावर आयुष्य गेलं. उतारू पायरीवर पाय ठेवतो तेव्हाच तो कुठे उतरणार ते आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा होता, आणि माझ्या बाबतीत तो खरा ठरल्यामुळे मी वाद घातला नाही. निवृत्तीनंतर ते गावाच्या आरोग्य समितीवर आले. बाकीचे सदस्य सहीपुरते यायचे, त्यामुळे हळूहळू दवाखाना तात्यांचाच झाला. रोज साडेआठला ते बाकावर हजर असायचे. गर्दी झाली की चष्म्याच्या डबीने दारावर टकटक करून ओरडायचे, "चला, पुडं सरका, मधी लई जागा हाय! आजीला आधी येऊ द्या, तिला लांब उतरायचंय." औषधांच्या बाबतीत मात्र त्यांनी कधी तोंड घातलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "इंजनाचं ड्रायव्हरला इचारा. मी गर्दीचा."

माझ्याआधीचे डॉक्टर त्यांना सामानावरून आठवत. एक कूलरवाले होते, ते उन्हाळा संपताच गेले. एक कुंड्यावाल्या मॅडम होत्या. कुंड्या बघून तात्यांनी त्यांना तीन वर्षं दिली होती आणि त्या अकरा महिन्यांत गेल्या. तो अंदाज चुकल्याचं दुःख त्यांना मॅडम गेल्याच्या दुःखाहून जास्त होतं. जाताना प्रत्येकाने कारण एकच दिलं होतं. "सा डाक्टर गेलं, मॅडम," तात्या मला एकदा गंभीरपणे म्हणाले, "आन् सा जनांच्या आया आजारी. मी म्हनतो, येवड्या आया आजारी पडत्यात तर त्या गावाला काय साथबीथ हाय का बघावं कुनीतरी."

म्हणून मी त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. सरकारची एक यादी असते. डोंगराळ, आदिवासी, दुर्गम अशा भागांची. त्या यादीतल्या गावात काम केलं की डॉक्टरला पगारावर जादा भत्ता मिळतो, आणि पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशातही त्याचा फायदा होतो. आमचं गाव यादीत नाही. यादीत आलं तर मी अजून दोन-तीन वर्षं आनंदाने राहीन. नाही आलं, तर पुण्याच्या एका खासगी हॉस्पिटलने बोलावलं आहे, तिकडे जाईन. माझी आई ठणठणीत आहे.

तात्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला, झटकला, परत बांधला. "पैल्यांदा कुनीतरी खरं बोललं," ते म्हणाले. "आवो, माझा आनंदबी भत्त्यासाठीच गेलता गडचिरोलीकडं."

आनंद म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. गावातला पहिला डॉक्टर. पार जंगलातल्या एका दवाखान्यात नोकरीला लागला तो तिथेच राहिला. सुट्टी मिळाली तर वर्षातून एकदा चार दिवस यायचा. "भत्त्यानं मानूस येतो," तात्या म्हणायचे. "टिकतो कशानं, ते ज्याचं त्याला." मी तेव्हा हे वाक्य फारसं मनावर घेतलं नाही, कारण माझं सगळं लक्ष पहिल्या अर्ध्या भागाकडे होतं.

आता आमच्या गावाची अडचण सांगते. कळसच्या पुढे एक फाटा लागतो, तिथून आत. इकडे बारामती, तिकडे इंदापूर, दोन्हीकडे पाऊण तास. चहूकडे ऊस, अधूनमधून दुमजली बंगले, दारात ट्रॅक्टर. कुठल्याही साहेबाने गाडीच्या काचेतून पाहिलं तर त्याला वाटणार, यांना काय कमी आहे? कमी काय आहे ते पावसाळ्यात ओढ्याला पाणी आल्यावर कळतं, किंवा दुपारी तीनला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या आणि दवाखान्याला कुलूप असलं की कळतं. तात्यांनी याचं एका वाक्यात निदान केलं होतं. "आमचं गाव गरीब न्हाय ओ, आजारी हाय. पन फारमात त्याचा रकानाच न्हाय."

आनंदवरून तात्यांना टोमणे बसायचे. त्यात सगळ्यात पुढे बापूराव. हे माजी सरपंच, मोठे बागायतदार, तात्यांचे शाळेपासूनचे दोस्त. रोज सकाळी तंबाखू मळत ते बाकावर येऊन बसत आणि बीपी तपासून घेईपर्यंत तात्यांना छळत. "दुसऱ्यांच्या पोरी कशाला आडवतो रं किसन? आदी आपला आन की!" ग्रामसभेतसुद्धा त्यांनी हे चारचौघांत ऐकवलं. तात्या कधी उत्तर द्यायचे नाहीत. चष्म्याच्या डबीने दार वाजवायचे आणि म्हणायचे, "चला, पुडचा नंबर."

यादीचं काम होईपर्यंत मला टिकवायला गावाने स्वतःचा भत्ता चालू केला. हाही तात्यांचाच हुकूम. पेशंट येताना कुणी शेंगा आणी, कुणी पेरू, कुणी डाळिंबं, कुणी चरवीभर दूध. भिगवणकडे लेक दिलेली एक आजी परतताना धरणातली चिलापी मासळी घेऊन आली आणि ती इंजेक्शनच्या ट्रेशेजारी ठेवली. मी नको म्हटलं की पेशंटचा चेहरा पडायचा आणि तात्या बाहेरून सांगायचे, "घ्या मॅडम, सरकारी न्हाय ते, त्याला सही लागत न्हाय." दिवाळी आली आणि गेली. माझं वजन पाच किलोंनी वाढलं होतं. पेशंटना वजन कमी करायला सांगताना मी त्यांच्या डोळ्यांत बघत नसे.

यादीसाठी तात्यांनी अर्जांचा सपाटा लावला होता, त्याला शेवटी यश आलं. जिल्ह्याच्या ऑफिसातून तीन जणांची समिती पाहणीला येणार असं पत्र आलं. आम्ही दोघांनी बसून तयारी केली. फाट्यापासूनचा रस्ता उखडलेला आहे, तो दिसला पाहिजे. ओढ्यावरचा पूल पाण्याखाली जातो, ते सांगायचं. गाडी दिवसातून फक्त दोनदा येते, ते तर ठासून सांगायचं. तात्यांनी गावात दवंडी दिल्यासारखं सांगितलं, "समिती येऊन जाईपतोर कुनी काय बी सुधारायचं न्हाय!"

पण तात्यांनी एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. साहेब लोक पहिल्यांदाच गावात येणार होते. पाहुण्यांची गाडी आपल्या रस्त्यावर आदळत यावी हे बापूरावांना सहन होईना. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी चार ट्रॉल्या मुरूम आणून फाट्यापासून दवाखान्यापर्यंतचे सगळे खड्डे बुजवले आणि वर रोलर फिरवला. तात्या धावत गेले तेव्हा काम संपलं होतं. "आरं, काय केलंस हे!" तात्या ओरडले. बापूराव घाम पुसत म्हणाले, "गावाची अब्रू हाय का न्हाय?"

दुसऱ्या दिवशी समिती आली ती विनाधक्का. दारोदार रांगोळ्या होत्या. जेवणाला पुरणपोळी, आणि चालत असेल त्यांना चिलापीचा रस्सा. एक साहेब दुसऱ्याला म्हणाले की असा रस्ता आपल्या कॉलनीतही नाही. मी तात्यांकडे बघत होते. अजून ओढा बाकी होता, गाड्या बाकी होत्या. तात्या त्या दिवशी इस्त्रीचा खाकी शर्ट घालून आले होते. त्याच वेळी मला धोका कळायला हवा होता.

साहेबांनी वही उघडून विचारलं, "गावाला बस आहे का?"

"हाय की सायेब!" तात्या ताठ उभे राहिले. "सकाळी सा चाळीस आन् सांजच्याला साडेपाच. थेट इंदापूर."

मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"वेळेवर येते का पण?"

तात्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या आईबद्दल काही विचारलं. "सायेब," ते म्हणाले, "सा चाळीसच्या गाडीवर तुमी घड्याळ लावा. दोन मिंट हिकडं न्हाय, दोन मिंट तिकडं न्हाय. पावसात? पावसातबी येती. आमचा ड्रायव्हर ओढ्यातनं काडतो गाडी." साहेब लिहीत होते. मी दुसऱ्यांदा पाय दिला, पण तोवर तात्या अठ्ठावीस वर्षांत आपली एकही फेरी चुकली नसल्याचं सांगू लागले होते.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. सदर गाव दळणवळणाच्या दृष्टीने सुगम असल्याने प्रस्ताव अमान्य. तात्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. "माज्या जिभेला हाड न्हाय," ते म्हणाले. "मॅडम, तुमचा भत्ता मी खाल्ला." बापूराव बाकाच्या दुसऱ्या टोकाला मान खाली घालून बसले होते. त्या दिवशी त्यांचं बीपी मला दोनदा घ्यावं लागलं.

मी राजीनाम्याची महिनाभराची नोटीस दिली. आता कुणीतरी अडवेल, रडेल, निदान बोलेल अशी माझी तयारी होती. तात्यांनी फक्त विचारलं, "कवा निगनार?" म्हटलं, महिनाअखेर. "आई कशी हाय?" म्हटलं, ठणठणीत. ते हसले, पण नेहमीसारखे नाही. माझं जाणं त्यांनी मान्य करून टाकलं होतं, आणि मला ते बोचत होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी ओपीडी संपवून मी त्यांच्या घरी निघाले. शालनमावशींचं, म्हणजे तात्यांच्या मंडळींचं, बीपी बघायचं राहिलं होतं. फाटकापाशी पोचले आणि थांबले. अंगणात शेवग्याखाली तात्या बाजेवर बसले होते, हातात फोन आडवा धरून. तात्या फोनवर नेहमी स्पीकर लावून, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलत. पलीकडून आनंद बोलत होता.

"तात्या, मॅडम चालल्यात ना? जागा रिकामी होतेय. मी बदली मागतो. इथे कबूल केलेली वर्षं कधीच संपलीत, कुणी अडवणार नाही. महिन्याभरात येतो मी."

मावशी पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तू आल्यावर तुज्या जागंवर कोन?" तात्यांनी विचारलं.

"येईल कुणीतरी."

"कुनीतरी म्हंजे कोन? नाव सांग."

तात्यांनी फोन आणखी जवळ धरला.

"किती गावं हायेत तुज्याकडं?"

"वीसेक."

"दुसरा डाक्टर किती लांब?"

"रस्ता चालू असला तर चार तास. नाहीतर..."

"मग बस तितंच," तात्या म्हणाले. "हितं काय? हिकडं बारामती हाय, तिकडं इंदापूर हाय. पाऊन तासात मानूस डाक्टरपुडं जातंय. तितल्या बायांनी जायाचं कुटं?"

मी फाटकाबाहेर उभी राहून ऐकत होते. ज्या माणसाने आपलं गाव दुर्गम आहे हे पटवायला सरकारला सतरा अर्ज केले, बापूरावांशी भांडण केलं, मला ओढ्याचे फोटो काढायला लावले, तो माणूस पोटच्या पोराला सांगत होता की आमचं काही अडत नाही. आणि अडत होतं. ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"आवं, लेकरू येतो म्हनतंय तर येऊ द्या की," मावशी म्हणाल्या. "किती वर्सं झाली."

"मला काय नको हाय व्हय गं?" तात्या म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. फोन चालूच होता. आनंदनेही ते ऐकलं असणार.

मी बीपी न बघताच परत फिरले. इथे मला माझी लाज वाटली वगैरे लिहिलं तर चांगलं दिसेल, पण मला आधी राग आला होता. इतक्या सरळ हिशेबाने मी निघाले होते, त्यात या म्हाताऱ्याने माती कालवली. तीन दिवस मी पेशंटवर चिडचिड केली. चौथ्या दिवशी पुण्याला फोन करून येत नाही म्हणून कळवलं आणि राजीनामा मागे घेतला. आणि तेव्हा मात्र मला फार हलकं वाटलं, ते कबूल करते.

तात्यांना खरं कारण सांगायचं धाडस झालं नाही. "पुण्याचं रद्द झालं," एवढंच म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आसं व्हय," ते म्हणाले. "त्या हास्पिटलवाल्याची आई आजारी पडली आसंल." मग चष्म्याच्या डबीने दार वाजवून त्यांनी आजीला आत सोडलं. संध्याकाळी माझ्या क्वार्टरवर इंदापूरहून नवी कापसाची गादी आली.

त्यानंतर तात्या मला अडीच वर्षं मिळाले. दर सहा महिन्यांनी ते यादीसाठी नवा अर्ज करायचे. मी म्हणायचे, तात्या, मी आहे ना आता? "तुमी हाय. पुडच्याचं काय?" बापूराव तोवर टोमण्यांच्या मूळपदावर आले होते. "आदी आपला आन की रं, किसन!" मी आतून ऐकायचे. तात्या पुढचा नंबर पुकारायचे. मला कितीदा वाटलं की बाहेर जाऊन बापूरावांना सांगावं, पण चोरून ऐकलेलं सांगायचं कसं?

गेल्या थंडीत तात्या गेले. पहाटे, झोपेत. मला स्टेथोस्कोप लावण्यापलीकडे काही करायला ठेवलं नाही त्यांनी. मी खूप रडले. डॉक्टरने लोकांसमोर असं रडू नये म्हणतात, पण त्या घरात मला कुणी डॉक्टर म्हणून बोलावलं नव्हतं.

आनंद आला. विहारासमोरच्या मांडवात पुण्यानुमोदनाला सगळं गाव जमलं होतं. भाषणं झाली. शेवटी बापूराव उठले. शब्द नेहमीचेच होते. "आनंदा, आता तरी गावाकडं ये बाबा. तुजा बाप जलमभर दुसऱ्यांची लेकरं आडवत ऱ्हायला. आपलं एक आनता न्हाय आलं त्याला." माणसं माना डोलवू लागली. आनंद खाली बघत होता. बापासारखाच, काही न बोलता.

मी उभी राहिले. मला भाषण येत नाही. मी फक्त त्या दुपारी फाटकापाशी जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. आनंद यायला तयार होता. तात्यांनीच त्याला नको म्हटलं, कारण तिकडे दुसरा डॉक्टर चार तासांवर होता.

बापूराव उभ्याचे खाली बसले. "आरं, मग सांगायचं की म्हाताऱ्यानं," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. "मी कसलं कसलं बोललो त्याला."

"सांगितलं आसतं तर तुमी आनंदाला आनल्याबिगर ऱ्हायला आसता व्हय?" मावशी बायकांच्या घोळक्यातून म्हणाल्या. "म्हून गप ऱ्हायले."

दुसऱ्या दिवशी आनंद परत गेला. कुणी अडवलं नाही. बापूरावांनी स्वतःच्या गाडीतून त्याला इंदापूरला सोडलं आणि आल्यावर बाकावर येऊन नुसते बसून राहिले, बीपीला हात पुढे न करता.

मावशी आठवड्याने दवाखान्यात आल्या. मी पट्टा बांधत असताना म्हणाल्या, "त्यास्नी ठावं व्हतं बरं का. त्या दिवशी फोन ठेवल्यावर तुमची पाठ दिसली व्हती फाटकाभाईर. पुन्याचं रद्द झालं म्हनलात तवा घरी येऊन किती हासले."

माझे हात थांबले. "मग मला बोलले का नाहीत कधी?"

"मलाबी दम दिलता," मावशी म्हणाल्या. "म्हनले, मॅडम भत्त्याबिगर टिकल्या, हे कुटं बोलायचं न्हाय. वर कळलं तर म्हंत्याल, भत्त्याबिगर डाक्टर ऱ्हातोय की तुमच्या गावात. मंग पुडच्याला यादीत कोन घिल?"

तात्यांचा शेवटचा अर्ज अजून जिल्ह्याच्या ऑफिसात आहे. त्याचा निकाल लागलेला नाही. म्हणून वर कुठेही मी गावाचं नाव लिहिलेलं नाही.